भट्टीला तीन जणी लागतात

१६ मे, गुरुवार

लेना,

आधी आली ती तुझी आत्या अंतिओका, आणि तीसुद्धा कंबर धरून, तेव्हाच मी समजले की आज लाटणं माझ्या एकटीच्या गळ्यात पडणार. पाठोपाठ समोरच्या म्हाताऱ्या पास्कालेच्या घरून निरोप आला की त्याची सून येऊ शकत नाही, म्हाताऱ्याने तीन दिवस अन्न सोडलंय. आता तूच सांग. पीठ पहाटे मळून फुगायला ठेवलेलं, भट्टी अशी तापलेली की जवळ गेलं तर भुवया जळाव्यात, आणि आम्ही दोघीच. काराझाऊच्या रोटीला तीन जणी लागतात हे तुला सांगायला नको. एक लाटणार, एक भट्टीशी, आणि तिसरी फुगलेली रोटी गरम आहे तोवर कडेने उघडून तिचे दोन पापुद्रे सुटे करणार. गार झाली की ती उघडत नाही, फाटते. पूर्वी आपल्या घरी तिसरी तू होतीस.

हे पत्र का लिहिते ते पुढे सांगते. एकोणीस वर्षं लिहिलं नाही, आता आणखी दहा मिनिटं थांब.

तर पहिल्या चार रोट्या फाटल्या. अंतिओकाला दिसतं कमी, तरी ती भट्टीशीही उभी राहणार आणि उघडायलाही धावणार. तेवढ्यात अंगणाच्या दारात दोघं जण उभी. पाठीवर घराएवढ्या पिशव्या. एक उंच, भुरक्या केसांचा मुलगा आणि त्याच्याबरोबर एक मुलगी. अंतिओकाला वाटलं, वाट चुकलेले प्रवासी. तिने आपल्या मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये हात हलवून सांगितलं, चर्च खाली, हॉटेल त्याच्याही खाली. तर ती मुलगी आपल्या बेटाच्या भाषेत म्हणते, "मावशी, आधी ती रोटी बघा, गार होतेय. मला मग हाकला."

लेना, आपल्या भाषेत. गावातली शेंबडी पोरंसुद्धा हल्ली आईकडे पाणी मागतात ते इटालियनमध्ये, आणि ही परकी मुलगी माझ्या आईच्या तोंडची भाषा बोलत दारात उभी. तिने पिशवी टाकली, हात धुतले, केस बांधले आणि अंतिओकाच्या हातून रोटी घेतली. जिथून वाफ शिट्टी मारते तिथे नख घातलं आणि गोल फिरवत उघडली. दोन पापुद्रे, चंद्रासारखे, कुठे भोक नाही. बोट पोळलं तेव्हा तिने झटकन डाव्या कानाची पाळी धरली. उजव्या हाताचं बोट आणि डावा कान, मानेमागून हात नेऊन. असं उलटं करणारी मी जन्मात एकच बघितली होती.

मग मी लाटणं खाली ठेवलं.

ती म्हणाली, "मी एलोदी, आजी. मला वाटलं होतं तू उंच असशील."

रडायला वेळ नव्हता, भट्टी तापलेली होती. एक वाजेपर्यंत आम्ही तिघींनी सगळं पीठ संपवलं. तिला विचारलं, कुठे शिकलीस, तर म्हणाली, बेल्जियममध्ये, लिएजला, आमच्या घराखाली तुर्काचं दुकान आहे, तिथून आई गरम फुगलेल्या रोट्या आणायची आणि स्वयंपाकघरात मला उघडायला लावायची. फाटली की परत पाठवायची आणायला. लेना, हे मला कधी कुणी सांगितलं नाही.

मुलाचं नाव वाउट. त्याने रोट्यांची चवड बघून तोंडभर कौतुक केलं. भाषा कुठली ते देव जाणे, पण कौतुक कळतंच. अंतिओका घाबरली. कौतुक केलं की त्या वस्तूला हात लावायचा, नाहीतर दृष्ट लागते, हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक. तिने त्याचा पंजा धरून थेट रोट्यांवर दाबला. पोळला, पण हूं की चूं केलं नाही. मला तिथेच आवडला.

दोघं आपसात इंग्रजी बोलतात. मी विचारलं, का गं, एकाच देशाचे ना तुम्ही? तर म्हणे त्याच्याकडची भाषा वेगळी, हिच्याकडची वेगळी, आणि एकमेकांची शिकायला दोघंही आळशी. एवढासा तो देश. आपल्याकडे मेंढ्या याहून लांब चरायला जातात.

संध्याकाळी मी ताज्या रोटीचा चुरा करून गरम दुधात घातला, तुला आवडायचा तसा, वर मध. तिने वाटी बाजूला सारली. म्हणाली, "राग मानू नकोस आजी. गरम दुधाचा वास मला सहन होत नाही, अगदी लहानपणापासून. का ते आईलाही माहीत नाही."

तुला माहीत नाही असं तू सांगितलंस तिला. मी वाटी उचलली आणि आत जाऊन सगळं कोंबड्यांना घातलं.

आता ती कशाला आली ते. सप्टेंबरात दोघांना लग्न करायचंय, इथल्या आपल्या चर्चमध्ये, आणि मांडवात रोटी हवी ती याच भट्टीतली. तिने तुला नाताळात विचारलं तेव्हा तू म्हणालीस, त्या घराची पायरी मी चढणार नाही. कारण विचारलं तर उठून भांडी घासायला लागलीस. आईशिवाय लग्न करायला ती तयार नाही आणि दुसरीकडे करायलाही तयार नाही, तुझ्यावरच गेलीय. म्हणून कारण विचारायला ती माझ्याकडे आलीय. तुला वाटतंय ती कोर्सिकात डोंगर चढतेय. तिथेच होती, मधली बोट तासाभराची.

तुला कळवू नको म्हणाली. मी देवाच्या तसबिरीवर हात ठेवून कबूल केलं. म्हणून हे पत्र टाकत नाही, पिठाच्या डब्याखाली ठेवते. लिहिणार नाही असं काही मी म्हटलं नव्हतं.


१८ मे, शनिवार

लेना,

तुझी मुलगी शिव्या फार सुंदर देते. काल तिला घेऊन दुकानात गेले. तिला चीज मागता येतं, कणीक, बडीशेप, मेंढीची आतडी, सगळं मागता येतं. पण खिशातला फोन हरवला तेव्हा काय हरवलं ते सांगायला तिच्याकडे शब्द नाही. तू तिला स्वयंपाकघर दिलंस आणि रागावणं दिलंस, बाकी जग ती फ्रेंचमध्ये शिकली. वाउटने फोन स्वतःच्याच पिशवीत ठेवला होता हे कळल्यावर तिने त्याला जे ऐकवलं, ते माझ्या सासूनंतर या गावात कुणी बोललं नव्हतं. दुकानदार बाहेर येऊन टोपी काढून उभा राहिला. वाउटला एक अक्षर कळलं नाही, तो हसत होता. चांगला संसार होईल.

मी विषय लांबवतेय, ते तुला कळलं असेल.

काल जेवताना तिने विचारलं. तिने मनात धरलं होतं की तिचा बाप बेल्जियमचा म्हणून मी तोंड फिरवलं. मी म्हटलं, तसं नाही गं, गिस्लें भला माणूस आहे. मग काय, म्हणाली. अंतिओका खिडकीशी लोकर विणत बसली होती.

मी सांगितलं की तुझे आजोबा गेले त्या वेळची गोष्ट. सुतकाच्या घरात तीन दिवस चूल पेटत नाही, शेजारपाजारचे अन्न आणतात, हा आपला नियम. तुझ्या आईने दुसऱ्याच दिवशी चूल पेटवली. मी चारचौघींत रागावले. ती त्याच दुपारी निघून गेली.

ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "एवढंच? चूल? आणि कशासाठी पेटवली?"

मी म्हटलं, कॉफीसाठी.

अंतिओकाच्या सुया थांबल्या. तिने मान वर केली नाही, पण सुया थांबल्या.

लेना, हे वाक्य माझ्या तोंडून कसं गेलं ते मी रात्रभर स्वतःला विचारत होते. मुलगी इतक्या दिवसांनी आली, तिने माझ्या गालाला गाल लावला, माझ्या हातचं खाल्लं. वाटलं, हे एवढं तरी माझ्याकडे राहू दे. तू लांब आहेस, तुझ्यावर अजून थोडं पडलं तर काय होतं. असा हिशेब केला मी. वाईट होता.

कारण ती तुझ्यावर चिडली. म्हणाली, "कॉफीसाठी? आजोबांच्या सुतकात? आणि त्यावरून मला एकोणीस वर्षं आजी नाही?" ती तुला आताच फोन करणार होती. वाउटने तिच्या हातून फोन घेतला आणि काहीतरी हळू बोलला. मंगळवारी कोर्सिकात परत गेल्यावर करेन, म्हणाली. शांत होऊन करेन. पण सोडणार नाही.

म्हणजे माझ्याकडे मंगळवारपर्यंतचा वेळ आहे. मंगळवारी ती तुला कॉफीबद्दल विचारेल, आणि तू काय करशील ते मला माहीत आहे. तू तिला खरं सांगणार नाहीस. एकोणीस वर्षं जिने मला तिच्यासमोर वाईट म्हटलं नाही ती आताही म्हणणार नाही. फोन ठेवशील आणि भांडी घासशील. मग लग्नही गेलं, मुलगीही गेली, दोघींना.

अंतिओका जाताना दारात म्हणाली, "गोनारिया, मी तुझी नणंद आहे, न्यायाधीश नाही. पण माझे डोळे गेलेत, कान नाही गेले."

आत्ता घंटा वाजतेय. थांबून थांबून वाजतेय, म्हणजे पास्काले गेला. मला जायला हवं.


२० मे, सोमवार

लेना,

आज अक्षर नीट येणार नाही. तसंही तिसरीतून शाळा सुटलेल्या बाईचं अक्षर ते.

काल पास्कालेला माती दिली. आज त्याच्या घरी जेवण न्यायची पाळी आपली होती. मी सकाळी मटणाचं पाणी उकळलं, गुरुवारच्या फाटलेल्या चार रोट्या त्यात बुडवून थर लावले, वर टोमॅटो, मेंढीचं चीज आणि अंडी. फाटलेली रोटी टाकून द्यायची नसते, तिचं फ्रात्ताऊ होतं. पातेलं जड, म्हणून एलोदीने एक कडी धरली. अंतिओका मागून.

घरात बायका भिंतीला लागून बसलेल्या, चूल थंड, राख झाडलेली. सगळं रीतीप्रमाणे. आणि पलीकडे गॅसच्या शेगडीवर पास्कालेची सून लहानग्याचं दूध तापवत उभी. सात महिन्यांचं पोर खांद्यावर. कुणी काही बोललं नाही. बोलणार काय. कुणाचं लक्षसुद्धा नव्हतं. तेवढ्यात पोर रडलं, ती वळली आणि दूध उतू गेलं.

वास घरभर पसरला. एलोदी माझ्या शेजारी उभी होती. तिचा चेहरा पिठासारखा झाला. तिने पातेल्याची कडी सोडली, अंतिओकाने कशीबशी धरली, आणि ती बाहेर पळाली. सून ओशाळून म्हणाली, माफ करा हं, सुतकाच्या घरात. तर अंतिओका मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "बाळाच्या दुधाला सुतक नसतं. कधीच नव्हतं."

ती सुनेशी बोलत होती. बघत होती माझ्याकडे.

घरी आले तर एलोदी भट्टीपाशी बसली होती. वाउट लाकडं फोडत होता, थांबला. तिने मला बसू दिलं नाही. "आजी, आईने चूल कुणासाठी पेटवली होती?"

मी सांगितलं.

मी सांगितलं की तुझ्यासाठी. तू पाच वर्षांची, अंगात ताप, दोन दिवस बोटीवर आणि गाडीत काही खाल्लेलं नाही, आणि पास्कालेच्या बायकोने आणलेलं मटण तुला गिळवेना. तुझ्या आईने चार काटक्या पेटवून वाटीभर दूध ठेवलं. मी आत आले, ते भांडं उचललं आणि दूध चुलीतल्या जाळावर ओतलं. तू समोरच बसली होतीस. वाफ तुझ्या तोंडावर आली.

मी थांबू शकले असते, पण गाडं उताराला लागलं होतं. मी म्हटलं, नियम मला ठाऊक होता. बाळाच्या, आजारी पोराच्या दुधाला सुतक नसतं हे मला, अंतिओकाला, तिथे बसलेल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. कुणी बोललं नाही कारण मी दोन दिवसांची विधवा होते. चूल हे निमित्त होतं.

लेना, हे पुढचं मी तिला सांगितलं, पण ते तुझं आहे. तुझा बाप दोन दिवस तुझी वाट बघत होता. दर वेळी कुत्रा भुंकला की विचारायचा, बोट आली? बोटी संपात अडकल्या होत्या, समुद्र खवळला होता, ते सगळं मला नंतर कळलं आणि तेव्हाही कळत होतं. पण तू आलीस तेव्हा माती देऊन झाली होती. मला कुणावर तरी ओरडायचं होतं. संपावर ओरडता येत नाही, समुद्रावर ओरडता येत नाही. तू समोर होतीस, पोरीला मांडीवर घेऊन, जिवंत, धडधाकट, दूध तापवत.

आणि मी इटालियनमध्ये ओरडले. त्या वेळी माझं मलाच कळलं नाही. शाळेत आपली भाषा बोललो की बाई पट्टीने हातावर मारायच्या, आणि मारताना ज्या भाषेत बोलायच्या त्या भाषेत मी माझ्या मुलीला म्हटलं, घरातून चालती हो. आपल्या घरात ती भाषा तोवर कुणी बोललं नव्हतं. आपल्या भाषेत मला ते म्हणताच आलं नसतं.

आणि तू जाऊन एकोणीस वर्षं तुझ्या मुलीशी आपल्याच भाषेत बोललीस.

एलोदी उठली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. रात्री जेवली नाही. वाउटने मला खुणेने विचारलं, मी काय करू. मी खुणेने सांगितलं, लाकडं फोड.


२३ मे, गुरुवार

लेना,

मंगळवारची बोट त्यांच्याशिवाय गेली. तिने फोनही केला नाही, ना तुला, ना कुणाला. मंगळवार-बुधवार ती माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली. चमचा कुठे, टॉवेल कुठे. ते दोन दिवस मी कसे काढले ते लिहीत नाही. अंतिओका रोज येऊन बसायची, विणायची, जायची. एकदाच म्हणाली की पोरगी अजून इथेच आहे ना, मग तुला आणखी काय पाहिजे.

आज सकाळी मी उठले तर एलोदी चुलीसमोर बसलेली. तिने काटक्या रचल्या होत्या, पण पेटवल्या नव्हत्या. म्हणाली, "तू पेटव. आणि मला दूध तापवून दे."

मी पेटवली. भांडं ठेवलं. लेना, एवढी भीती मला बाळंतपणातसुद्धा वाटली नव्हती. उतू गेलं तर काय या धास्तीने मी भांड्यावरून नजर हलवली नाही. साय धरली, कडेला बुडबुडे आले, मी उतरवलं. तिने वाटी दोन्ही हातांत धरली, श्वास रोखून दोन घोट घेतले. तिसऱ्याला तोंड वाकडं केलं आणि वाटी माझ्याकडे सरकवली. "अजून नाही जमत," म्हणाली. उरलेलं मी प्यायले. त्यात साखर घालायला विसरले होते.

मग तिने मला विचारलं, हे सगळं तू आईला सांगितलंयस का. मी पिठाचा डबा सरकवला आणि तिला ही पत्रं दाखवली. तिला आपली भाषा वाचता येत नाही, तू शिकवली नाहीस, आणि शिकवणार कशी, ती कुठे छापलीय. मी इटालियनची अक्षरं घेऊन जसं बोलते तसं लिहिते. तिने पहिल्या पानावर बोट ठेवून मोठ्याने वाचायला सुरुवात केली, अडखळत, आणि वाचता वाचता तिला स्वतःच्याच आवाजात कळायला लागलं. भुवया जळण्यापाशी ती हसली. कॉफीपाशी आल्यावर ती थांबली, माझ्याकडे बघितलं आणि पुढे वाचलं. शेवटपर्यंत वाचलं.

वाचून झाल्यावर पानांची घडी करून स्वतःच्या पिशवीत ठेवली. मी म्हटलं, टपालाने पाठव. म्हणाली, "नाही. मी आईसमोर बसून वाचणार. ती भांडी घासायला उठली तर नळ बंद करणार."

तू ऐकत असशील तेव्हा ती समोर बसलेली असेल, म्हणून हे शेवटचं पान तिला न दाखवता लिहिते आणि तुझ्यासाठी बांधलेल्या रोट्यांच्या चवडीत, मधल्या दोन पापुद्र्यांत घालून देते. कापड सोडलंस की मिळेल. माफ कर असं मी लिहीत नाही, तो शब्द मी इतकी वर्षं न वापरून गंजवलाय. तू आलीस तर तोंडाने म्हणेन, आपल्या भाषेत, अंगणात, अंतिओकासमोर आणि त्या दिवशीच्या ज्या बायका अजून जिवंत आहेत त्या सगळ्यांसमोर. मी त्यांना बोलावून ठेवणार आहे. तू नाही आलीस तरी त्या येतील आणि मी म्हणेन.

दोघं बाहेर पिशव्या बांधतायत. वाउटने मघाशी माझं कौतुक केलं आणि मग आठवण ठेवून माझ्या डोक्यावर हात ठेवला, दृष्ट लागू नये म्हणून. अंतिओका इतकी हसली की तिला बसावं लागलं.

लग्न सप्टेंबरात चौदा तारखेला, शनिवारी आहे, पण रोट्या दोन दिवस आधी भाजायच्या. लाटायला मी आहे. भट्टीशी एलोदी उभी राहीन म्हणतेय. अंतिओकाला मी खुर्ची देणार आहे. उघडायला कुणी नाही. दोघांनी परत यायचं कबूल केलंय ते बारा सप्टेंबरला, गुरुवारी, सकाळी, भट्टी तापायच्या आत.